सिंह गवत खातो, मग चौथ्या प्रकरणाचं काय?

ख्रिस्ताच्या शांतीच्या राज्यात घडणाऱ्या एका साहसकादंबरीचं बाड माझ्याकडे सल्ल्यासाठी आलं तेव्हा दोन ठिकाणांहून साभार परत आलेलं होतं. दोन्ही पत्रं लेखिकेनं पहिल्याच पानाला टाचून ठेवली होती. एका प्रकाशकाचं म्हणणं असं की, तुमचं जग इतकं शांत आहे की कथेत काही घडतच नाही. दुसऱ्याचं म्हणणं बरोबर उलटं: कथेत इतकं घडतं की जग शांत आहे यावर विश्वास बसत नाही, आणि शिवाय कथेचा काळ आमच्या विश्वासपत्रकाशी, म्हणजे संस्थेनं मान्य केलेल्या धर्ममतांच्या यादीशी, जुळत नाही. लेखिकेनं दोन्ही पत्रांखाली पेन्सिलीनं एकच वाक्य लिहिलं होतं, ‘यातलं खरं कुणाचं?’

खरं दोघांचंही होतं. ते समजायला मात्र मला चार महिने लागले, आणि त्या चार महिन्यांची किंमत लेखिकेनं मोजली. हे प्रकरण त्यांच्या परवानगीनं लिहितो आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून कथेतल्या काही खुणा बदलल्या आहेत.

बाडात काय होतं

कादंबरी इंग्रजीत होती, कारण ख्रिस्ती साहसकथांचा बाजार मुख्यतः त्याच भाषेत आहे. कथेचा काळ असा: ख्रिस्त परत आला आहे, यरुशलेमेतून राज्य करतो आहे, त्याला दोन शतकं लोटली आहेत. तलवारी मोडून नांगराचे फाळ केव्हाच झाले. मृत समुद्राकाठच्या दलदलीत मीठ काढणाऱ्यांची एक वस्ती आहे आणि त्या वस्तीतली सतरा वर्षांची मुलगी यरुशलेमच्या वाटेला लागते.

ही दलदल वाचून मी खुर्चीत सावरून बसलो. बायबलमधल्या यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकात ४७व्या अध्यायात मंदिराच्या उंबरठ्याखालून एक नदी निघते, पूर्वेकडे वाहते आणि मृत समुद्राचं पाणी गोडं करते. एन-गेदीपासून पुढे कोळी जाळी वाळत घालतात. सगळं बरं होतं. पण अकराव्या वचनात एक अपवाद आहे: तिथल्या पाणथळ जागा आणि दलदली गोड होणार नाहीत, त्या मिठासाठी राखून ठेवल्या जातील. बहुतेक वाचक हे वचन ओलांडून पुढे जातात. या बाईंनी तिथेच वस्ती वसवली होती. सगळं जग बरं झालेलं असताना जो तुकडा मुद्दाम खारट ठेवला आहे, तिथे राहणाऱ्यांना काय वाटत असेल? कादंबरी खरं तर इथेच होती. पण ते तेव्हा मला दिसलं नाही आणि लेखिकेलाही दिसलेलं नव्हतं.

कारण त्यानंतरची नव्वद पानं नुसता फेरफटका होता. घरी आलेल्या पाहुण्याला नव्या घराच्या खोल्या दाखवाव्यात तसं सगळं. इकडे शस्त्रं वितळवायची जुनी भट्टी, तिकडे औषधी पानांची झाडं, हे न्यायालय, आणि बघा, कसं रिकामं आहे. मुलगी प्रत्येक ठिकाणी थक्क होते आणि कुणीतरी भला माणूस तिला समजावून सांगतो. मग लेखिकेलाच कंटाळा आला असावा, कारण चौथ्या प्रकरणात अचानक सिंहाचा हल्ला होतो. पुढे एक गुप्त संघटना, पुरून ठेवलेली शस्त्रं, स्फोट, पाठलाग आणि शेवटी डोंगरावरची लढाई.

बाड आधी एका चर्चमधल्या वाचकगटानं वाचलं होतं. सिंहाच्या पानावर समासात कुणीतरी बारीक अक्षरात बायबलमधल्या यशयाच्या पुस्तकाचा हवाला लिहिला होता: ‘यशया ११:७. सिंह बैलाप्रमाणे गवत खातो. हा कुठला सिंह?’

माझी चूक

मी हसलो आणि सिंह काढायला सांगितला. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी पुढे म्हणालो की गुप्त संघटना पातळ वाटते, तिच्या म्होरक्याला जरा वजन द्या, त्याचा भूतकाळ दाखवा, त्याला पहिल्या पन्नास पानांतच आणा. साहसकथेचा हा सरधोपट सल्ला आहे आणि नव्वद टक्के बाडांना तो लागू पडतो.

लेखिकेनं चार महिने खपून तसं केलं. नवा खर्डा वाचायला वेगवान होता. म्होरक्या इतका चांगला उतरला होता की बाकीची पात्रं त्याच्यापुढे फिकी पडली. आणि शांतीचा काळ? नाटकात मागे लावलेल्या रंगवलेल्या पडद्यासारखा उरला. पडदा बदलून तिथे कुठलंही युग टांगलं असतं, तरी कथेचं एक पानही बदललं नसतं.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी उत्तर चुकीचं दिलं नव्हतं, प्रश्नच चुकीचा धरला होता. ‘शांत जगात संघर्ष कुठून आणायचा?’ असं मी विचारत होतो, आणि त्याला बाहेरून आणायचा हेच उत्तर येतं. आधी विचारायला हवं होतं की ही कोणती शांती आहे. त्या शांतीत काय संपलं आहे आणि काय अजून संपायचं आहे?

कोणती शांती?

आम्ही एक मोठा कागद घेतला आणि बाडातली जगाबद्दलची सगळी विधानं एकाखाली एक उतरवली. गोंधळ लगेच वर आला. दुसऱ्या प्रकरणात ‘समुद्र उरला नाही’ असं होतं, अकराव्या प्रकरणात नायिकेचा मामा गलबतातून येतो. सहाव्यात आजी वारते, नवव्यात लोक ‘आता मरण नाही’ असं गातात. लेखिका काही निष्काळजी नव्हत्या. प्रत्येक तपशील त्यांनी शास्त्रातून घेतला होता. फक्त ते तपशील वेगवेगळ्या काळांतले होते. समुद्र नसणं आणि मरण नसणं हे प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायातलं, नव्या आकाशाचं आणि नव्या पृथ्वीचं. सिंहाचं गवत खाणं यशयातलं. तिथेच ६५व्या अध्यायात शंभराव्या वर्षी मरणाऱ्याला तरुणच समजतील असं म्हटलं आहे, म्हणजे मरण आहे, पण लांबलेलं. हजार वर्षांचं राज्य प्रकटीकरण २०मधलं.

या वचनांची सांगड कशी घालायची यावर ख्रिस्ती परंपरेत पहिल्यापासून मतभेद आहेत. ढोबळ मानानं तीन घरं आहेत. एक म्हणतं, ख्रिस्त आधी येईल आणि मग पृथ्वीवर प्रत्यक्ष हजार वर्षं राज्य करील. दुसरं म्हणतं, सुवार्तेच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या संदेशाच्या, प्रसारानं जग हळूहळू सुधारत शांतीच्या लांब युगात जाईल आणि त्याच्या शेवटी ख्रिस्त येईल. तिसरं म्हणतं की हजार वर्षं हे रूपक आहे, ख्रिस्ताचं राज्य आताच मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, चालू आहे, पुढे थेट न्याय आणि नवी पृथ्वी. तिसऱ्या घराचा पाया घालणाऱ्यांत प्राचीन धर्मपंडित ऑगस्टीन मोठा. गंमत म्हणजे ‘देवाचे नगर’च्या विसाव्या भागात तो स्वतःच कबूल करतो की एके काळी आपणही हजार वर्षांच्या मताचे होतो.

कादंबरीकाराला यातलं कुठलं घर खरं हे सिद्ध करायचं नसतं. पण कुठल्या घरात राहायचं हे पहिलं प्रकरण लिहिण्याआधी ठरवावं लागतं, कारण प्रत्येक घरात साहसाला लागणारा माल वेगळा आहे.

नवी पृथ्वी घेतली तर मरण नाही, शोक नाही, दुखणं नाही. तिथे प्रवास, शोध, निर्मिती हे सगळं असू शकतं, पण कड्यावरून पाय घसरला तर पुढे काय, याला काही अर्थ राहत नाही. हे लिहायला फार मोठी प्रतिभा लागते; मी कुणाला अडवणार नाही, पण पहिल्या कादंबरीसाठी सुचवणारही नाही. दुसरं घर, म्हणजे माणसांच्या हातून आलेली लांब शांती, कथेला सर्वांत सोयीचं. तिथे वादळ आहे, रोग आहे, मोह आहे, चूक आहे. अडचण एवढीच की ‘हे आमच्या हातून होईल’ ही खात्री विसाव्या शतकाच्या दोन महायुद्धांत अनेकांनी गमावली, आणि आजच्या ख्रिस्ती वाचकाला ती पटवून देण्यातच निम्मं पुस्तक खर्ची पडतं.

पहिल्या घराबद्दल माझा समज होता की तिथे सगळंच आबादीआबाद असणार. शास्त्र पुन्हा वाचलं तेव्हा तो गळून पडला. जखऱ्या या संदेष्ट्याच्या पुस्तकात १४व्या अध्यायात राजा यरुशलेमेत आहे, राष्ट्रं दर वर्षी मंडपांच्या सणाला, म्हणजे यहुद्यांच्या एका मोठ्या सणाला, वर जातात, आणि जी कुळं जाणार नाहीत त्यांच्यावर पाऊस पडणार नाही. म्हणजे न जाणारी कुळं असणार आहेत! मिसरचं, म्हणजे इजिप्तचं, तर नावच घेतलं आहे. प्रकटीकरण २०मध्ये हजार वर्षांनी सैतान सुटतो, तेव्हा त्याच्या मागे जाणारे समुद्राच्या वाळूइतके निघतात. युद्ध न पाहिलेली, सिंहाच्या आयाळीत खेळलेली, राजाला प्रत्यक्ष बघू शकणारी ही माणसं. त्यांच्यात हे कुठून आलं? हजार वर्षं आतल्या आत काय साचत होतं?

लेखिका म्हणाल्या, ‘म्हणजे माझी गुप्त संघटना अगदीच चूक नव्हती.’

नव्हती. पण दोनशेव्या वर्षी तिच्या हातात बंदूक नसते. तिच्या हातात एक साधा, रास्त वाटणारा प्रश्न असतो.

आधी कोण कोण अडखळलं

या टप्प्यावर आम्ही जुन्या लोकांकडे वळलो, कारण शांत भविष्य रंगवण्याची हौस नवी नाही. सगळ्यात जुनं आणि मला सगळ्यात लाडकं चित्र आरंभीच्या काळातला बिशप आयरेनियस याच्या ‘पाखंडांविरुद्ध’ या ग्रंथाच्या पाचव्या भागात आहे. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला हा ग्रंथ. तिथे तो त्याच्याही आधीच्या पापियस या बिशपच्या हवाल्यानं सांगतो की त्या राज्यात एकेका द्राक्षवेलीला दहा हजार फांद्या असतील, प्रत्येक फांदीला दहा हजार डहाळ्या, आणि हिशोब असाच दाण्यापर्यंत जातो. एक घड तोडायला हात घातला की शेजारचा घड ओरडेल, ‘मी जास्त चांगला आहे, मला घे!’ पुढे असंही येतं की ख्रिस्ताला दगा देणाऱ्या यहूदा या शिष्याचा यावर विश्वास बसला नाही आणि त्यानं विचारलं, हे होणार तरी कसं. मला वाटतं त्या उताऱ्यात कथा तिथेच सुरू होते. द्राक्षं मोजून होतात, शंका घेणारा बोलला की पान जिवंत होतं.

फेरफटक्याचा रोगही जुनाच. योहान व्हॅलेन्टिन आन्द्रेए या जर्मन लुथरन धर्मगुरूनं १६१९ साली ‘ख्रिस्तियानोपोलिस’ लिहिलं. सुरुवात झकास आहे. निवेदक ‘कल्पना’ नावाच्या जहाजात चढतो, वादळ होतं, जहाज फुटतं, तो एका बेटावर लागतो. बेटाचं नाव काफार सलामा, म्हणजे शांतीचं गाव. वेशीवर त्याची परीक्षा होते. आणि एकदा आत घेतलं की साहस संपलं. उरलेल्या शंभरभर छोट्या प्रकरणांतला मोठा भाग नगराचं वर्णन आहे. आमच्या बाडातली नव्वद पानं आन्द्रेएच्या चारशे वर्षांनंतर त्याच वेशीत अडकली होती.

तिसरं उदाहरण आम्हाला खरोखर उपयोगी पडलं. रॉबर्ट ह्यू बेन्सन हा कँटरबरीच्या आर्चबिशपचा मुलगा, पुढे कॅथलिक धर्मगुरू झाला. १९०७ साली त्यानं ‘लॉर्ड ऑफ द वर्ल्ड’ लिहिलं. त्यात ख्रिस्तविरोधी जगावर राज्य करतो. ते वाचून लोक खचले अशी तक्रार आली, म्हणून १९११ साली त्यानं उलट बाजू लिहिली, ‘द डॉन ऑफ ऑल’, ज्यात जग मंडळीकडे परत आलेलं आहे. पहिलं पुस्तक अजून वाचलं जातं, दुसऱ्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. शांतीत रस नसतो असा याचा अर्थ काढता येईल, पण मला तो पटत नाही. दुसऱ्या पुस्तकातही एक जागा आहे जिथे वाचक दचकतो: त्या सुखी जगात पाखंडाबद्दल एका साधूला मृत्युदंड होतो. म्हणजे न पटणाऱ्याचं काय करायचं हा प्रश्न बेन्सनच्याही शांतीला सुटला नव्हता. लेखिकेनं ते पान वाचून बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, ‘माझ्या पुस्तकात न पटणारा माणूस माझ्या घरातलाच हवा.’

काका

अशा रीतीनं म्होरक्या गेला आणि काका आला. नायिकेचा काका, वस्तीचा प्रमुख. वस्तीवर तीन वर्षं पाऊस नाही, कारण तीन वर्षं त्यानं कुणाला सणाला जाऊ दिलेलं नाही. तो दुष्ट नाही. राजावर त्याचा विश्वास आहे, किंबहुना इतरांपेक्षा जास्तच आहे. त्याचं म्हणणं एवढंच: ‘पावसासाठी जायचं असेल, तर ती भक्ती नव्हे, सौदा. राजाशी सौदा करणार नाही. तहानेनं मेलो तरी चालेल.’

हे वाक्य लेखिकेनं लिहून पाठवलं तेव्हा मी त्यांना फोन केला आणि म्हणालो, आता मला बाकीची कादंबरी दिसते आहे. कारण काकाचं म्हणणं खोडून काढणं सोपं नाही. नायिकेलाही ते खोडता येत नाही. तिला जायचं आहे, पण कशासाठी? धाकटा भाऊ तहानलेला आहे म्हणून निघाली तर काका जिंकला. उत्सुकतेनं निघाली तर ती भक्ती कुठे झाली? ती निघते, आणि का निघाली हे तिला वाटेत कळत जातं. साहसकथेला याहून जास्त काय हवं असतं?

शारीरिक धोका तर होताच. तो फक्त पशूंकडून आणि माणसांकडून काढून भूगोलाकडे द्यायचा होता. दलदलीत मिठाचा पापुद्रा असतो. वरून घट्ट, खाली चिखल. कुठे पाय टाकायचा हे मीठवाल्यांनाच कळतं आणि हे ज्ञान बाहेर कुणालाच नको असल्यानं नायिका एकटी आहे. मग ती नदी. यहेज्केलमध्ये दूत दर हजार हातांवर खोली मोजतो: घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, आणि मग पोहूनच जावं असं, पायी न ओलांडता येणारं पाणी. लेखिकेनं या चार मोजमापांवर चार प्रकरणं उभी केली. त्या मूळच्या कोरड्या भागातल्या. पोहणं हा शब्द नायिकेच्या भाषेतच नाही ही युक्ती त्यांची स्वतःची, आणि पुस्तकातलं सगळ्यात श्वास रोखायला लावणारं पान तेच आहे. नदीत कुणी शत्रू नाही. नदी तर औषध आहे. पण औषधातही माणूस बुडू शकतो.

आणखी एक गाठ होती, पुनरुत्थान झालेल्या संतांची. पहिल्या घराच्या चित्रात ते मर्त्य माणसांबरोबर त्याच पृथ्वीवर असतात. पहिल्या खर्ड्यात नायिकेचा वाटाड्या असाच एक अमर होता आणि त्यामुळे प्रत्येक संकट फुसकं व्हायचं. त्याला काढून टाकावं असं मी म्हणालो. लेखिकेनं ठेवला, पण एका प्रसंगापुरता आणि उलट्या अंगानं: त्याला भीती म्हणजे काय हे आठवतच नाही, त्यामुळे तो अत्यंत चुकीचा सल्ला देतो. ‘चल की, काय होणार आहे?’ त्याला काही होणार नसतं, तिला होणार असतं. हा प्रसंग विनोदी आहे आणि थोडा कडूही. माझ्या सूचनेपेक्षा कितीतरी सरस.

सिंह परत येतो

चौथ्या प्रकरणाचं मग काय झालं? सिंह मी काढायला लावला होता. लेखिकेनं तो परत आणला. थंडीची रात्र, उघडं माळरान, नायिका आणि तिच्यासोबत निघालेला एक म्हातारा. म्हातारा दोनशेच्या वरचा आहे, कारण यशया म्हणतो की माणसांचं आयुष्य झाडांइतकं होईल. म्हणजे त्यानं आधीचं जग पाहिलेलं आहे. सिंह येऊन शेकोटीपाशी बसतो. मुलगी त्याच्या कुशीला टेकून झोपून जाते. तिच्या लेखी ती एक उबदार भिंत. म्हातारा रात्रभर उभा राहतो. त्याला माहीत आहे की हा काही करणार नाही. पाय मात्र ऐकत नाहीत. पहाटे तो एकच गोष्ट सांगतो, जुन्या जगातली, अर्धीच.

माझ्या मते शांत भविष्यातल्या कथेला लागणारा सगळा ताण या प्रसंगात आहे. जग बदललं, अंगातली भीती अजून उतरायची आहे. समासात ‘हा कुठला सिंह?’ असं लिहिणाऱ्या वाचकाला नवा खर्डा पुन्हा दिला. त्या पानावर या वेळी काही लिहिलेलं नव्हतं, फक्त एक टिंब होतं. पेन टेकवून उचललेलं.

राजाला रंगमंचावर आणायचं का

यावर मात्र बरेच दिवस वाद झाला. ख्रिस्त प्रत्यक्ष राज्य करत असेल तर वाचक विचारणारच की तो येऊन प्रश्न सोडवत का नाही. आणि तो आला तर बोलणार काय? शुभवर्तमानात नसलेली वाक्यं त्याच्या तोंडी घालणं अनेक वाचकांना खटकतं, आणि लेखणीलाही ते झेपत नाही. अशा जागी गद्य एकदम गुळगुळीत होतं. पुढे ज्या प्रकाशकानं पुस्तक घेतलं त्यांना शेवटच्या प्रकरणात भेट हवी होती. लेखिका ठाम राहिल्या. पुस्तकभर राजा दिसत नाही. त्याला भेटून आलेली माणसं दिसतात, आणि प्रत्येक जण काहीतरी वेगळं सांगतो. शेवट वेशीवर होतो. प्रकटीकरणातल्या नगरीच्या वेशी कधी बंद होत नाहीत, पण ती नगरी नव्या पृथ्वीवरची, म्हणून तोही तपशील मोह आवरून गाळला.

प्रकाशन

आता दुसऱ्या पत्राकडे. ‘विश्वासपत्रकाशी जुळत नाही’ हे लेखिकेला अपमानासारखं लागलं होतं. खरं तर ती उपयुक्त माहिती होती. लुथरनांच्या १५३० सालच्या आउग्सबुर्ग कबुलीच्या, म्हणजे त्यांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्याच्या, सतराव्या कलमात, पुनरुत्थानाआधी धार्मिक लोक जगाचं राज्य घेतील हे मत नाकारलेलं आहे. कॅथलिक मंडळीच्या धर्मशिक्षा ग्रंथात परिच्छेद ६७६ हजार वर्षांच्या ऐहिक राज्याची कल्पना, सौम्य रूपातलीही, फेटाळतो. या परंपरांतल्या प्रकाशकाकडे हे बाड पाठवणं म्हणजे पोस्टाचा खर्च वाया. दुसरीकडे अनेक इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलवर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट, प्रकाशनसंस्थांना हीच मांडणी घरची वाटते. आम्ही प्रत्येक प्रकाशकाचं विश्वासपत्रक आणि आधीची यादी वाचून मगच नावं ठरवली, आणि प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात कथेचा काळ स्पष्ट सांगितला. सारांशात शेवट लपवला नाही. संपादकाला शेवट कळायलाच हवा. उत्सुकता वाचकासाठी राखायची असते.

स्वतः प्रकाशित करण्याचा पर्यायही मांडून पाहिला. ॲमेझॉनच्या केडीपीवर पुस्तक चढवणं अवघड नाही. सात शोधशब्द द्यायचे, वर्ग निवडायचे. ई-पुस्तक त्यांच्या सिलेक्ट योजनेत घातलं तर नव्वद दिवस ते दुसरीकडे विकता येत नाही. लेखिकेला विक्रीच्या कामाची आवड नव्हती, म्हणून तो मार्ग मागे ठेवला. ज्यांना आवड आहे त्यांनी जरूर घ्यावा, कारण हा वाचकवर्ग लहान पण चिकट असतो.

अखेर एका छोट्या संस्थेनं पुस्तक घेतलं. तिथे तीन गोष्टी अडल्या. पहिली वचनांची. प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर एक वचन होतं, चार वेगवेगळ्या भाषांतरांतून घेतलेलं. आधुनिक भाषांतरांना स्वामित्वहक्क असतो. न्यू इंटरनॅशनल व्हर्जनमधून, काही अटी पाळून, ५०० वचनांपर्यंत लेखी परवानगीशिवाय घेता येतात, तर वर्ल्ड इंग्लिश बायबल पूर्ण खुलं आहे. चार भाषांतरं म्हणजे चार नियम आणि चार श्रेयनोंदी. संस्थेनं सगळी वचनं खुल्या भाषांतरातून घ्या असं सुचवलं. मी म्हणालो, सगळीच काढा. वचन आधी वाचलं की प्रकरणात काय होणार हे कळतं. जखऱ्याचं वचन तर काकाची अख्खी बाजू पहिल्या ओळीत फोडत होतं. ती निघाली आणि पुस्तक हलकं झालं.

दुसरी मुखपृष्ठाची. चित्रकारानं जळतं शहर आणि लाल आकाश पाठवलं. त्यांचीही चूक नाही. ‘ख्रिस्ती’ आणि ‘भविष्यकाळ’ हे दोन शब्द एकत्र आले की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे संहारच येतो. दोन चित्रं परत गेली. तिसऱ्यात पांढरं मीठ आणि त्यावर पावलांची एक रांग होती.

तिसरी मलपृष्ठाची, आणि इथे पुन्हा तोच पहिला प्रश्न आला. संस्थेनं लिहिलेल्या मजकुरात ‘शांतीच्या मुळावर उठलेलं कारस्थान’ असे शब्द होते. पुस्तकात कारस्थान नव्हतं. कारस्थानाच्या आशेनं घेणारा वाचक चिडणार आणि ज्याच्यासाठी पुस्तक लिहिलं तो उचलणारच नाही. आम्ही काकाचं वाक्य जसंच्या तसं मलपृष्ठावर टाकलं आणि खाली दोनच ओळी लिहिल्या. पुस्तक ख्रिस्ती कल्पित साहित्याच्या भविष्यकालीन वर्गात लावलं, अद्भुतकथेत नाही. लेखिकेच्या दृष्टीनं हे घडणार आहे, परीकथा नव्हे, आणि वाचकालाही ते आधी कळलेलं बरं.

खप बेताचा आहे. पत्रं मात्र येतात आणि ती जवळजवळ सगळी काकाबद्दल असतात. त्याला शिक्षा का झाली नाही, असं काही विचारतात. तो बरोबरच होता, असं काही ठणकावून सांगतात. एका वाचकानं तर दोन्ही एकाच पत्रात लिहिलं आहे.

लेखिका आता दुसरा भाग लिहीत आहेत. गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. काकाला घराबाहेर काढायचं आहे, म्हणाल्या, पण तो आत्ता निघाला तर पावसासाठीच निघाला असं सगळं गाव म्हणणार, आणि तोही स्वतःला तेच म्हणणार.

‘मग आधी पाऊस पडू द्या,’ मी सुचवलं. ‘नंतर निघेल.’

‘जखऱ्या १४:१७ पुन्हा वाचा,’ त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.